कर्जत ते खोपोली : एक प्रवास व एक शिक्का

कर्जत स्टेशनावर क्षणभर थांबणारा प्रवासी बहुधा दोनच गोष्टी पाहतो : फलाटावरील बटाटेवडा, आणि घाट चढण्यासाठीं गाडीला मागून लागणारीं जादा इंजिनें. येथूनच एक धाकटा फांटा पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी अशीं लहान लहान स्टेशनें घेत खोपोलीस जातो, ही गोष्ट त्याच्या ध्यानीं येत नाहीं. गेल्या श्रावणांत मी ह्या फांट्यानें खोपोलीस गेलों. काम लहानसेंच होतें. परंतु परतलों तो जो विचार मनांत घेऊन, तो वाचकांपुढें ठेवावा असें वाटलें.

श्रावणांत ह्या मार्गाची शोभा काय वर्णावी! रुळांच्या दोहों बाजूंस पोपटी भातखाचरें, समोर सह्याद्रीची निळी भिंत, आणि तिच्यावरून सुटलेल्या पाण्याच्या शुभ्र धारा. हा फांटा घाटाच्या रेल्वेहूनहि जुना आहे. १८५६ सालीं आगगाडी खोपोलीपर्यंत आली. पुढें प्रवाशांनीं पालखींतून अथवा तट्टावरून खंडाळा गाठावा अशी रीत होती. बोरघाटांतून गाडी सुरू झाली ती १८६३ सालीं. तें काम चाललें असतां एका वेळीं चाळीस हजारांवर मजूर ह्या डोंगरांत राबत होते. पटकीच्या सांथींत त्यांतील किती तरी दगावले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ सालीं येथें येऊन थोड्याच दिवसांत वारला, व त्याची पत्नी ॲलिस हिनें तें कंत्राट पुरें करविलें, हें इतिहासांत नमूद आहे. त्या मजुरांचीं नांवें मात्र कोणास ठाऊक आहेत?

खोपोली स्टेशनावर माझा एक जुना विद्यार्थी छत्री घेऊन उभा होता. “गुरुजी, एवढ्या पावसांत तुम्ही कशाला त्रास घेतलात? मीच आलों असतों,” असें म्हणत तो वाकला. त्याचें वय सदतीस. एका कारखान्यांत कंत्राटी वेल्डर. एकवीस वर्षांपूर्वीं त्यानें नववींतून शाळा सोडली. सोडली असें म्हणणेंहि खरें नव्हे. गणितांत तो दोनदां नापास झाला, तेव्हां दहावीच्या निकालाला बट्टा लागूं नये म्हणून “आतां ह्याला कामधंद्यास लावा” असें त्याच्या आईस सांगणारा मीच होतों.

त्याच माउलीनें मजपुढें चहा ठेवला व फडताळांतून कागद काढले. आखातांत वेल्डरची नोकरी. एजंटाची मागणी एक लाख वीस हजार रुपयांची. आणि जावयाचें तें पर्यटनाच्या व्हिसावर. “तेथें उतरलास कीं मालक नोकरीचा व्हिसा करून देईल,” असें तोंडी आश्वासन. पैशांसाठीं घरचें एकुलतें एक भातखाचर गहाण पडणार होतें. “गुरुजी, तुम्ही एकवार वाचून बघा. तुम्ही हो म्हणाल तर देऊं,” ती म्हणाली.

आतां ह्यांतील मर्म सांगितलें पाहिजे. आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरचा कोणी मुलगा अमेरिकेत असतो. तेथील एच-वन-बी व्हिसा वर्षास पासष्ट हजार, व तेथील उच्च पदवीधरांस आणखी वीस हजार, हे आंकडे आपल्या घरांतील स्त्रियांसहि तोंडपाठ आहेत. परंतु आपल्याच देशांत पासपोर्टांच्या दोन जाती आहेत, हें आपणांस ठाऊक नसतें. कारण आपल्या मुलांना तिचा कधीं स्पर्शच होत नाहीं. १९८३ च्या कायद्यान्वयें जो दहावी उत्तीर्ण नाहीं, त्याच्या पासपोर्टावर सामान्यतः ई. सी. आर. हीं तीन अक्षरें येतात. प्राप्तिकर भरणारे, पन्नाशी उलटलेले, तीन वर्षांहून अधिक परदेशीं राहिलेले, अशांना त्यांतून सूट आहे. शिक्का असलेल्यास आखातांतील व इतर कांहीं ठराविक देशांत नोकरीसाठीं जाण्यापूर्वीं प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स ह्या अधिकाऱ्याची संमति घ्यावी लागते. तो अधिकारी नोकरीचा करार, पगार, व्हिसा व विमा पाहतो. विमा दहा लाखांचा असून दोन वर्षांचा हप्ता अवघा २७५ रुपये. परवानाधारक एजंटानें घ्यावयाच्या मोबदल्यासहि तीस हजार रुपये व त्यावरील कर अशी मर्यादा आहे.

हें पद आजचें नव्हे. १८३४ पासून गिरमिटावर माणसें मॉरिशसला जाऊं लागलीं. मुंबई बंदरांतून गेलेल्या मराठी माणसांचे वंशज आजहि तेथें आहेत. त्या व्यवहारांतील फसवणूक पाहून एकोणिसाव्या शतकांतच हा रक्षक नेमावा लागला. आपल्या आजे-पणज्यांना समुद्र ओलांडण्यापूर्वीं शास्त्राची आज्ञा विचारावी लागे व परतल्यावर प्रायश्चित्त घ्यावें लागे. आज आज्ञा कचेरी देते. प्रायश्चित्त मात्र न विचारतां जाणाऱ्याच्या कपाळीं येतें. कारण पर्यटनाच्या व्हिसावर गेलेल्याचा करार कोणी पाहिलेला नसतो, विमा उतरलेला नसतो, आणि परक्या देशांत त्याचें काम बेकायदा ठरूं शकतें. तिकडे व्हिसा मालकाच्या नांवाशीं बांधलेला असण्याची रीत फार दिवसांची. नोकरी बदलण्यास मालकाचा दाखला लागूं नये एवढें कतारनें ठरविलें, तें २०२० सालीं.

शिक्का अपमानाचा वाटतो, म्हणून लोक आडवाट धरतात. जानेवारी २०१८ मध्यें अशा लोकांना नारिंगी रंगाचा पासपोर्ट देण्याचें सरकारनें योजिलें होतें. ओरड झाली, व त्याच महिन्यांत तो बेत रद्द झाला. योग्यच झालें. कपाळावर रंग लावून कोणाचें रक्षण होत नसतें.

परवानाधारक एजंटांची यादी सरकारच्या ई-मायग्रेट ह्या संकेतस्थळावर असते. विद्यार्थ्याच्या बारावींतल्या मुलीनें मोबाइलवर ती उघडली, व आम्ही तिघांनीं मिळून पाहिली. त्या एजंटाचें नांव तींत नव्हतें. क्षणभर घरांत कोणी बोललें नाहीं. बाहेर कौलांवर पाऊस वाजत होता. मग त्या माउलीनें कागद घडी करून पुन्हां फडताळांत ठेवले व म्हणाली, “खाचर वांचलें.”

परंतु विद्यार्थ्याचा चेहरा उतरला होता. “गुरुजी, माझी दहावी झाली असती तर?” त्यानें विचारलें. त्याच्या स्वरांत राग नव्हता, आणि म्हणूनच तो प्रश्न मला अधिक लागला. मी स्वतः जुन्या अकरावीचा मॅट्रिक. त्या एका परीक्षेच्या बळावर जन्मभर मास्तरकी केली. आणि तिचें दार ह्या मुलाला लावलें तें शाळेच्या निकालासाठीं.

परत येतांना गाडींत मन एकाच गोष्टीभोंवतीं फिरत होतें. आपल्याकडे बाहेरून दहावी देणाऱ्यांसाठीं सतरा नंबरचा फॉर्म आहे. दुसऱ्याच दिवशीं मीं त्याला फोनवर सांगितलें, “फॉर्म भर. गणित मी शिकवितों.” तो हंसला, पण भरला.

आतां दर रविवारीं तो त्याच फांट्यानें कर्जतास येतो. उल्हासेच्या कांठीं आमच्या घराच्या ओटीवर आम्ही बसतों. अपूर्णांक सुटला कीं मी कराराचा एखादा नमुना त्याच्यापुढें ठेवतों व मोठ्यानें वाचावयास लावतों. कारण मीं त्याला एक गोष्ट बजावली आहे : “दहावी झाली कीं शिक्का जाईल, पण त्याबरोबर सरकारचा पहाराहि जाईल. मग कागद तुलाच वाचावा लागेल.”

वाचकहो, आपल्या अंगणांत काम करणाऱ्या माणसाचा मुलगा परदेशीं निघाला असेल, तर त्याला शुभेच्छा अवश्य द्या. परंतु त्याआधीं त्याचा कागद मागून घ्या, व आपल्या मुलाचा वाचतां तितक्याच काळजीनें तो वाचा.