छत्तिशीतला श्रीगणेशा

पोटापाण्याची सोय लागली की विद्येने माणसाचा पिच्छा सोडावा, अशी जगरहाटी आहे. आम्ही केंद्र सरकारच्या सेवेत शिरलो तेव्हा बी. कॉम.चे प्रमाणपत्र ट्रंकेच्या तळाशी गेले आणि बदलीच्या हुकमाबरोबर ती ट्रंक कोलकात्यास आली. परंतु छत्तिसाव्या वर्षी आम्ही एका तंत्रनिकेतनाच्या सायंवर्गात, स्थापत्य अभियांत्रिकीच्या पदविकेसाठी नाव घातले.

याला कारण आमचे टेबल. बांधकामांची अंदाजपत्रके व मोजमापांची पुस्तके आमच्यापुढून जातात. लांबी, रुंदी व उंची यांचा गुणाकार बरोबर आहे की नाही, एवढेच आम्ही पाहायचे. तुळई भाराला पुरेल काय, हे विचारण्याचा आम्हांला अधिकार नाही. आणि तो असता, तरी विचारण्याइतके ज्ञान नव्हते. बारा वर्षे ज्या कागदांवर आद्याक्षरे केली, ते कशाविषयी होते हे एकदा कळावे, असे वाटू लागले.

वास्तविक नोकरदारांची जुनी वाट याच शहरातून निघत असे. १९२० साली स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूशन ऑफ एंजिनिअर्सचे मुख्यालय येथील गोखले मार्गावर आहे. पाटी वाचूनच मराठी मन सुखावते. त्या संस्थेच्या ‘अ’ व ‘ब’ विभागांच्या परीक्षा घरी अभ्यास करून देता येतात. परंतु ३१ मे २०१३ पर्यंत नोंदणी केलेल्यांपुरतीच सरकारने ती परीक्षा पदवीसमान मानली. आमच्या वाट्याला वर्गातील बाकच आले.

वर्गात सतरा-अठरा वर्षांची मुले. ती आम्हांला ‘काकू’ म्हणतात. बंगालीत काकू म्हणजे काका, हे ठाऊक असूनही पहिल्या दिवशी आम्ही मागे वळून पाहिले!

घरी परतावयास रात्रीचे दहा वाजतात. कन्येला सांभाळावयास कोणी नाही, म्हणून सौ.ने संध्याकाळच्या शिकवण्या सोडल्या. एके रात्री पान वाढता वाढता तिने विचारले, ‘‘अहो, याने बढती मिळेल का?’’ तो प्रश्न विचारण्याचा अधिकार तिचाच होता. कनिष्ठ अभियंत्याच्या पदाची वयोमर्यादा आम्ही केव्हाच ओलांडली आहे. ‘‘नाही,’’ आम्ही म्हणालो. ती काही बोलली नाही.

पुढच्या रविवारी तिघेही हावडा पुलावर गेलो. १९४३ साली खुल्या झालेल्या त्या पुलाच्या दोन मनोऱ्यांमधील अंतर सुमारे ४५७ मीटर. पात्रात एकही खांब नाही. दोन्ही तीरांवरून पोलादी बाहू पुढे येतात, मधला गाळा त्या बाहूंना टांगलेला असतो आणि त्यांचा तोल मागे जखडलेले बाहू सांभाळतात. कोणता दांडा ओढला जातो व कोणता दाबला जातो, हे आम्ही दाखवीत गेलो. रोज ज्या पुलावरून धक्के खात जावयाचे, तो आम्ही त्या दिवशी प्रथमच वाचला. सौ.ने लक्षपूर्वक ऐकले आणि विचारले, ‘‘म्हणजे पुढे जाणाऱ्याचा भार मागचा धरून ठेवतो, असेच ना?’’

आम्हांला उत्तर सुचले नाही.

दुसऱ्या आठवड्यात तिने सकाळच्या दोन शिकवण्या धरल्या. कन्येची वेणी घालून तिला शाळेत पोहोचविण्याचे काम आता आमच्याकडे आहे. पदविकेची अजून दोन वर्षे आहेत. वेणी मात्र बरी जमू लागली आहे.