पाचशे किलोमीटरवरचा समुद्र

परभणीहून समुद्र गाठायला एक रात्र आणि एक दिवस लागतो. देवगिरी एक्स्प्रेसने कल्याण, तिथून पनवेल, मग एस.टी.ने माणगाव, आंबेतचा पूल आणि मंडणगड. हा रस्ता मी नऊ वर्षे तुडवला. २००८ साली शिक्षण सेवक म्हणून माझी नेमणूक रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यात, एका उर्दू शाळेत झाली. तोपर्यंत मी समुद्र फक्त नकाशावर पाहिला होता.

तिथल्या मुलांना समुद्राचे काही वाटत नसे. कोणाचे वडील आखातात, कोणाचे चाचा बोटीवर. मला मात्र सगळेच नवीन. मार्च महिन्यात एकदा मुलांना घेऊन मी वेळासला गेलो. बाणकोटजवळचे हे छोटे गाव, नाना फडणवीसांचे गाव म्हणूनही लोक त्याला ओळखतात. इथे ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे थंडीच्या दिवसांत रात्री किनाऱ्यावर येतात, वाळूत खड्डा करून शंभरच्या आसपास अंडी घालतात आणि मागे न पाहता समुद्रात निघून जातात. पूर्वी ही अंडी कोल्हे, कुत्री आणि माणसेही उकरून नेत. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन ती जपायला सुरुवात केली. अंडी अलगद उचलून कुंपणातल्या तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवतात आणि पंचेचाळीस ते साठ दिवस वाट पाहतात.

त्या संध्याकाळी टोपलीतून पिल्ले वाळूवर सोडली. तळहाताएवढीही नव्हती. सगळी समुद्राकडे निघाली. एवढ्यात गर्दीतल्या कोणीतरी मोबाइलचा दिवा लावला, आणि चार-पाच पिल्ले गर्रकन वळून त्या दिव्याकडे चालू लागली. कार्यकर्ता ओरडला, "दिवा बंद करा!" दिवा विझला, पिल्ले थबकली आणि पुन्हा समुद्राकडे वळली.

माझ्या वर्गातल्या एका मुलाने विचारले, "सर, इनको रास्ता कौन बताता?"

मला उत्तर देता आले नाही. बी.एड.मध्ये हे शिकवलेले नव्हते. मग मी वाचू लागलो. अंधारात जमिनीपेक्षा समुद्राकडची बाजू उजळ दिसते, पिल्लू त्या उजेडाकडे जाते. म्हणूनच किनाऱ्यावरचे हॉटेल, रस्त्याचे दिवे, आपला मोबाइल त्याला फसवतात. पाण्यात उतरल्यावर ते लाटांच्या समोर तोंड करून पोहते, कारण लाटा किनाऱ्याकडे येतात, त्यांच्या विरुद्ध गेले की खोल समुद्र मिळतो. आणि पुढे, जिथे उजेडही नाही आणि किनाऱ्याच्या लाटाही नाहीत, तिथे त्याच्या उपयोगी पडते पृथ्वीचे चुंबकत्व.

हे अमेरिकेतल्या केनेथ लोहमन या शास्त्रज्ञाने १९९१ मध्ये दाखवले. लॉगरहेड जातीच्या पिल्लांना त्यांनी कापडी पट्ट्यात बांधून पाण्याच्या हौदात पोहायला सोडले. हौदाभोवती तारांची वेटोळी होती. विजेने तिथले चुंबकीय क्षेत्र उलटे केले की पिल्लेही दिशा बदलत. प्रत्येक किनाऱ्यावर चुंबकत्वाचा जोर आणि कल थोडा वेगळा असतो. जन्मलेल्या किनाऱ्याची ही खूण पिल्लू मनात साठवते आणि मोठी झाल्यावर मादी त्याच खुणेने परत येते, असे शास्त्रज्ञ मानतात. शरीरातल्या कोणत्या अवयवाला हे कळते, ते मात्र अजून कोणालाच नीट सापडलेले नाही.

हे मी मुलांना रंगवून सांगायचो. "बघा, एवढासा जीव, पण आपले घर विसरत नाही." सांगताना माझ्याच डोळ्यांसमोर परभणी यायची.

२०१४ च्या पावसाळ्यात एका पहाटे भावाचा फोन आला. अब्बांना झटका आला होता. मी मिळेल त्या गाडीने निघालो. वाटेत महाडजवळ पाणी, पनवेलला गाडी चुकलेली. पोहोचलो तेव्हा दफन होऊन गेले होते. कबरीवरची माती ओली होती. अम्मी काही बोलली नाही, फक्त माझ्या हातातली पिशवी घेतली. तिचे ते न बोलणे मी आजही विसरलेलो नाही. आंतरजिल्हा बदली मिळाली ती २०१७ साली, तीन वर्षांनी.

आता मी परभणी जिल्ह्यातच शिकवतो. कोकणातून येताना दोन गोष्टी सोबत आणल्या. एक म्हणजे माशांचे सालन खायची सवय, आणि दुसरी कासवांच्या गोष्टी. २०२२ च्या जानेवारी-फेब्रुवारीत डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने आणि राज्याच्या कांदळवन प्रतिष्ठानने रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील पाच कासविणींच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर बसवले. वेळासच्या पहिल्या कासविणीचे नाव प्रथमा ठेवले होते. माझी मोठी मुलगी तेव्हा नववीत होती. नकाशा घेऊन बसायची, बातमी आली की ठिपका काढायची. पुढच्या वर्षी गुहागरहून सोडलेली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली, तेव्हा तिने तो नकाशा भिंतीवर चिकटवला. नदीसुद्धा उन्हाळ्यात कोरडी पडते अशा गावात आमच्या भिंतीवर समुद्र आला.

जानेवारी २०२५ मध्ये आणखी एक बातमी आली. गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पायावर धातूची पट्टी होती, क्रमांक ०३२३३. ती पट्टी २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेली होती. म्हणजे ही मादी पूर्व किनाऱ्यावरून पश्चिम किनाऱ्यावर, सुमारे साडेतीन हजार किलोमीटर आली होती. दोन्ही किनाऱ्यांची कासवे वेगवेगळी असतात, हा समज त्या एका पट्टीने हलवला.

मुलगी म्हणाली, "अब्बू, तुम्ही तर शिकवायचात, कासव आपल्याच किनाऱ्यावर येते. हिने तर दोन घरं केली."

मी हसलो. पण ती मला काय विचारत होती ते मला कळले होते.

ती बारावी विज्ञान शाखेतून चांगल्या गुणांनी पास झाली. तिला मत्स्यविज्ञानाची पदवी करायची होती. असे महाविद्यालय आपल्या लातूर जिल्ह्यात उदगीरला आहे. सगळे म्हणाले, तिथे पाठवा, चार तासांत घरी येईल. तिचा हट्ट रत्नागिरीचा, कारण तिथे दारात समुद्र आहे. अम्मी ऐकायला तयार नव्हती. "बाप को मिट्टी देने बेटा नहीं आ सका, अब बेटी को भी उतनेच दूर भेजते क्या?"

याला उत्तर नव्हते. खोटे काहीच नव्हते त्यात. मी दोन दिवस गप्प राहिलो. मग एका रात्री अम्मीच्या पायाशी बसून जे कधी बोललो नव्हतो ते बोललो. अब्बांच्या वेळी पोहोचलो नाही, हे दुःख मला आहेच, मरेपर्यंत राहील. पण तिथे गेलो म्हणून मी शिक्षक झालो, त्याच पगारावर धाकट्या बहिणीचे लग्न झाले, आणि अब्बांनीच मला स्टेशनवर सोडताना मागे वळून पाहू नकोस म्हटले होते. अम्मी बराच वेळ पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहिली.

सकाळी तिने नातीला हाक मारून विचारले, "वहाँ लडकियों का हॉस्टेल है ना? खाना कैसा मिलता?"

वाचक भगिनी-बंधूंनो, आपल्या मुलामुलींना डॉक्टर-इंजिनिअरशिवाय वाटाच नाहीत असे नाही, म्हणून हे लिहिले. आणि कधी वेळास, आंजर्ले, गुहागरला गेलात, तर संध्याकाळी किनाऱ्यावर मोबाइलचा दिवा लावू नका.

मुलीला सोडायला अम्मीही येणार आहे. सत्तरीत पहिल्यांदा समुद्र पाहणार. देवगिरीची तीन तिकिटे काढली आहेत, एक खालचा बर्थ मिळाला आहे.