बेअरिंग अडले? आधी धरले कशाने ते पाहा



विस्तार अधिकाऱ्याने पिकांचे सांगावे, मोटारीचे कशाला, असे तुम्ही म्हणाल. पण आपल्या कल्याण-मुरबाड भागात आता पुष्कळांच्या दारात जुनी गाडी असते. पहाटे भेंडी कल्याणच्या बाजारात पोचवायची, तर चाक फिरलेच पाहिजे.

चाक घूं घूं आवाज करू लागले, हलवल्यास खेळू लागले, की बेअरिंगचा संशय घ्यावा. नवे बसवण्यापेक्षा जुने काढणेच जड जाते. गेल्या पावसाळ्यात डोंबिवलीला माझा पुतण्या असाच इरेला पेटला होता. लहान हातोडा झाला, मोठा झाला, शेवटी घण मागवला. मी म्हटले, "बाबा रे, थांब. आधी चिखल धू." डिझेल आणि ब्रशने हब धुतला, तर खाचेत सर्कलिप तशीच बसलेली! ती काढल्याशिवाय बेअरिंग सुटणार कसे?

भात पिवळे पडले की काही जण लगेच युरिया टाकतात. पाणी साचले आहे की जस्त कमी पडले, हे पाहत नाहीत. त्यातलाच हा प्रकार.

सर्कलिप काढूनही बेअरिंग हलेना, तर सांध्यात पातळ तेल सोडून रात्रभर ठेवा. मग सुटा केलेला हब उकळत्या पाण्याने तापवा. लोखंडी हबचे 50 मि.मी.चे भोक 70 अंश तापले, की सुमारे 0.04 मि.मी. मोठे होते, ॲल्युमिनियमचे जवळजवळ दुप्पट. एवढी सैल पुष्कळदा पुरते. मात्र बेअरिंग तापायच्या आत काम उरका. ग्रीस, रबर आणि पेट्रोलजवळ ज्योत नेऊच नका.

ओढायला गॅरेजवाल्याकडून पुलर आणा, आणि जी कडी घट्ट बसली आहे तिलाच तो लावा. बेअरिंगचे पोलाद कडक केलेले असते. त्यावर थेट हातोडा मारला तर कपची गोळीसारखी उडते. ठोकायचेच झाले तर मध्ये पितळी दांडा धरा आणि डोळ्यांना कामाचा गॉगल लावा. साधा चष्मा पुरत नाही. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, भक्कम स्टँड द्या. बेअरिंग दुकानात मिळते, डोळा मिळत नाही.

इतके करूनही हटत नसेल, तर हब पिशवीत घालून प्रेस असलेल्या वर्कशॉपमध्ये न्या. त्यात कमीपणा कसला?

जुने बेअरिंग टाकण्याआधी त्यावरचा आकडा लिहून घ्या. 6205 असेल, तर शेवटच्या 05 ला 5 ने गुणा; आतले भोक 25 मि.मी. निघते. दुकानात हा आकडा सांगा आणि जुना नगही बरोबर न्या, म्हणजे दुसरी फेरी पडणार नाही.