उत्तर देण्याची सक्ती

पाश्चात्त्य समाजातील मुस्लिमांविषयीच्या पूर्वग्रहाचे कथात्म साहित्यातील चित्रण तपासताना आपण बहुधा शिवीगाळ, मारहाण अशा प्रसंगांकडे बोट दाखवतो. असे प्रसंग या साहित्यात आहेतच. मात्र ११ सप्टेंबर २००१ नंतरच्या काही इंग्रजी कादंबऱ्या वाचताना मला जाणवले ते निराळे. तेथे पूर्वग्रह शिवीपेक्षा प्रश्नाच्या रूपाने अधिक वावरतो, आणि प्रश्न विचारणारा पुष्कळदा सभ्य असतो.

कमिला शम्सी यांच्या ‘होम फायर’ (२०१७) या कादंबरीची सुरुवातच चौकशीने होते. लंडनची इस्मा पीएच.डी.साठी अमेरिकेला निघाली आहे. हीथ्रो विमानतळावर तिला लोकशाही, राणी, समलिंगी व्यक्ती यांच्याविषयीची मते विचारली जातात आणि तिचे विमान चुकते. या उत्तरांची तिने धाकट्या बहिणीबरोबर आधीच तालीम केलेली असते. आपण आपल्याच देशाचे आहोत हे सांगण्यासाठी तालीम करावी लागणे, हा तपशील मला कोणत्याही मारहाणीइतकाच बोचला.

एमी वाल्डमन यांच्या ‘द सबमिशन’मध्ये (२०११) हल्ल्यातील मृतांच्या स्मारकासाठी स्पर्धा होते. नावे गुप्त असतात. परीक्षक एका उद्यानाचा आराखडा निवडतात. त्याचा वास्तुरचनाकार मोहम्मद खान निघतो. तो अमेरिकेतच जन्मलेला, धर्माशी बेताचाच संबंध असलेला. आराखड्यातली एक रेघही बदललेली नसते. तरी तेच उद्यान आता काहींना हुतात्म्यांचा स्वर्ग वाटू लागते. कर्त्याचे नाव कळताच संहितेचा अर्थ कसा पालटतो, हे साहित्याच्या अभ्यासकांनी येथे पाहावे. खान खुलासा करण्याचे टाळतो. त्याचा अहंकारही लेखिकेने झाकलेला नाही.

मोहसिन हमीद यांची ‘द रिलक्टंट फंडामेंटलिस्ट’ (२००७) हा प्रश्न थेट वाचकाच्या हाती देते. लाहोरच्या एका उपाहारगृहात चंगेज एका अमेरिकन माणसाशी बोलतो आहे. त्या माणसाचे शब्द आपल्याला ऐकू येत नाहीत. त्याच्या खुर्चीत जणू आपणच बसलेलो असतो. मनोरे कोसळताना पाहून आपण हसलो, हेही चंगेज सांगून टाकतो. शेवट संदिग्ध आहे. न्यूयॉर्कपासून हजारो मैल दूर, आमच्या मराठीच्या वर्गातही ही कादंबरी चर्चेला आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : “तो दहशतवादी आहे की नाही?” मी विद्यार्थ्यांना संशयाचा आधार संहितेत शोधायला सांगते. फळ्यावर यादी होते : दाढी, लाहोर, काळोख, ते हसू आणि शीर्षक. त्यातील हसू तेवढे खरोखर अस्वस्थ करणारे. शीर्षकाचे म्हणावे, तर मूलभूत गोष्टींवरच लक्ष ठेवण्याचा मंत्र चंगेजला देते ती त्याची अमेरिकन कंपनी.

मग एखादा विद्यार्थी म्हणतो, लेखकाने त्याला निर्दोष दाखवायला हवे होते. मला ते पटत नाही. सद्गुणांचे प्रमाणपत्र घेऊन आलेला मुसलमान रंगवणे म्हणजे त्याच चौकशीला उत्तर देत बसणे. खान अहंकारी असू शकतो, चंगेज हसू शकतो. इतर कोणत्याही पात्राला आपण जी अपूर्णता सहज बहाल करतो ती यांनाही मिळते का, या कसोटीवर अशा कादंबऱ्या वाचाव्यात, असे मला वाटते.