अवनीच्या जिल्ह्यात

पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्यात गेलं की नीलगायी, चितळं, मोर बघून मुलं हरखतात. वाघ दिसला तर मग विचारूच नका! पण आपल्याच जिल्ह्यात, राळेगावकडच्या रानात, 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री अवनी वाघिणीला गोळी घातली गेली. तिच्यावर 13 माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. मागे तिचे दोन बछडे राहिले. तेव्हा कुणी फटाके फोडले, कुणी हळहळलं.

मुंग्यांना साखर घालताना जीवदया सोपी असते, मैत्रिणींनो. रानाला लागून असलेल्या शेतात जीव मुठीत धरून कापूस वेचणाऱ्या बाईला ती कोणत्या तोंडानं सांगायची? म्हणून प्रतिक्रमणात सर्व जीवांची क्षमा मागताना माझ्या मनात दोघीही असतात: ती वाघीण आणि ती बाई.