कापडाचं उतारवय

स्वयंपाकघराच्या दारामागे एक खुंटी आहे. तिला एक कापडी पिशवी, तिच्यात दुसरी, दुसरीत तिसरी. परवा ती खुंटीच भिंतीतून निखळली, तेव्हा सगळ्या पिशव्या पलंगावर मांडून मोजल्या. एकवीस भरल्या. साडीच्या दुकानाच्या, पुस्तक प्रदर्शनाच्या, कुणाच्या मुंजीत परतीचा आहेर म्हणून आलेल्या. चारांवर झाडाचं चित्र आणि वसुंधरा वाचवण्याची विनंती छापलेली. त्यातल्या दोन हाताला कापडासारख्या लागतात, पण काडी लावून पाहिली तर वितळून थेंब गळतो. २३ मार्च २०१८ला राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदीची अधिसूचना निघाली आणि तेव्हापासून कापडी पिशवी ही फुकट वाटायची वस्तू झाली. फुकटचं नको म्हणायला आपल्याला कोण शिकवणार?

इंग्लंडच्या पर्यावरण खात्यानं २०११ साली पिशव्यांचा एक हिशोब मांडला होता. कापूस पिकवण्यापासून पिशवी शिवून होईपर्यंत हवामानावर जो भार पडतो, तो एकदाच वापरलेल्या साध्या पातळ प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला आणायचा, तर सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. एकवीसही पिशव्या सुतीच धरल्या, प्रत्येकीच्या १३१ फेऱ्या, आठवड्यातून दोनदा मंडई. पाठकोऱ्या कागदावर गुणाकार-भागाकार केला. सव्वीस वर्षं आली. तोवर मंडईपर्यंत चालत जायला माझे गुडघे राजी असतील का, हा प्रश्न त्या खात्याच्या कक्षेबाहेरचा.

आईकडे भाजीची पिशवी एकच होती. वडील एसटीत होते. त्यांची खाकी पँट गुडघ्यांत विरली की आई ती मांड्यांशी कापायची, खालून शिवून टाकायची आणि वर दोन बंद लावायची. मागचा खिसा तसाच ठेवायची, सुट्या पैशांसाठी. मला त्या पिशवीची लाज वाटे. मैत्रिणीच्या आईची पिशवी नायलॉनची, जाळीदार, निळीशार होती. आमच्या पिशवीकडे पाहिलं की बाबाच पालेभाजी घेऊन चाललेत असं वाटायचं. ती पिशवी १३१ वेळा वापरली असेल की हजार वेळा, कुणी मोजलं नाही. मोजायची वेळ येते ती वस्तू जास्त झाल्यावर.

आईनं हे कसब आणलं सासूकडून. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी आज्जीची दोन लुगडी बाहेरची आणि दोन घरची. बाहेरचं इरकली, ते लग्नाकार्यात आणि जत्रेला. त्याचा काठ फिका पडला की ते घरात नेसायला यायचं, मग शेतात. शेतात ते बसायच्या जागी विरायचं. मग आज्जी त्याला दंड घालायची, म्हणजे मधला जीर्ण पट्टा कापून काढायचा आणि राहिलेली दोन टोकं एकमेकांना शिवायची. दंडाची शिवण नेमकी निऱ्यांत लपेल अशा बेतानं ती नेसायची. लांबून कळायचं नाही. जवळून कळायचं, पण जवळ येणाऱ्या बायांची लुगडीही दंडाचीच असायची.

दंडही उसवायला लागला की लुगड्याचं उतारवय सुरू व्हायचं, आणि खरी कामं त्यापुढे. चांगला राहिलेला भाग बाळंतिणीच्या खोलीत जायचा: दुपटी, लंगोट, झोळी. तान्ह्या बाळाला कोरं कापड घालत नसत. कोऱ्या कापडाला खळ असते, ते टोचतं. शेकडो धुण्यांनी मऊ झालेलं लुगडंच त्या कातडीला सोसतं. मग वाकळ. वाकळेचा वरचा थर फाटला की तिच्यावर नवं जुनेर चढायचं, त्यामुळे आमच्या घरातली सर्वांत जाड वाकळ ही सर्वांत म्हातारी होती. उरल्या तुकड्याची डोक्यावरच्या घागरीखाली चुंबळ. त्याहून लहान तुकड्याचं भाकरीचं फडकं. फडकं काळवंडलं की चुलीचं पोतेरं. पोतेरंही कुजून हाताला यायला लागलं की उकिरड्यावर, आणि उकिरडा वैशाखात शेतात. त्या शेतात कापूस नव्हता, ज्वारी होती, एवढाच काय तो फरक. नाहीतर वर्तुळ पुरं झालं असं लिहायला मला सोपं गेलं असतं.

आपल्याकडे माणसाचं पोतेरं केलं असं म्हणतात, म्हणजे त्याची अगदी रया घालवली. पण सकाळी चूल पोतेऱ्यानं सारवल्याशिवाय आज्जी काडी ओढत नसे. घरातलं पहिलं काम त्या चिंधीचं.

या पायऱ्या काही आमच्याच गावच्या नव्हेत. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात एक गोष्ट आहे. कौशांबीच्या उदयन राजाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रं दिली. राजा आधी बिथरला. भिक्षूला एवढी वस्त्रं कशाला, दुकान मांडायचंय? त्यानं जाऊन विचारलं. आनंद म्हणाला, ज्यांची चीवरं जीर्ण झालीत त्यांना वाटू. मग ती जीर्ण चीवरं? त्यांचे पलंगपोस करू. जुने पलंगपोस? गाद्यांच्या खोळी. जुन्या खोळी? जमिनीवरची अंथरुणं. ती जुनी झाली की पायपुसणी, पायपुसणी जुनी झाली की धूळ पुसायची फडकी, आणि फडकी अगदीच गेली की कुटून, चिखलात मळून त्यानं जमीन सारवू. राजानं खूश होऊन आणखी पाचशे वस्त्रं दिली. आनंदाचा हिशोब आणि आज्जीचा हिशोब शेवटच्या पायरीवर एकच होतात: माती. आज्जीनं आनंदाचं नाव ऐकलं नव्हतं. तिला गाडगेबाबा माहीत होते. अंगावरच्या ठिगळांमुळे लोक त्यांना गोधडेबुवा, चिंधेबुवा म्हणत.

वाकळ शिवायची ती उन्हाळ्यात, शेतातली कामं आटोपल्यावर. जुनेरं धुऊन कडक वाळवायची. ओसरीवर एकावर एक अंथरायची, चारही कोपऱ्यांवर दगड किंवा वरवंटा ठेवायचा आणि सुरकुती राहू नये म्हणून मधून बाहेर हात फिरवत न्यायचे. मग चार बाया चार बाजूंनी बसत. धावदोरा कडेनं सुरू होतो, कोपऱ्याला वळतो आणि चौकोनात चौकोन करत मध्याकडे सरकतो. बायाही त्याच्याबरोबर सरकत सरकत गोधडीवर येऊन बसतात. शेवटचा टाका मध्यावर. गोधडीवर लिहिणारे इथं आठवणींची ऊब काढतात. ती ऊब मला मान्य आहे, पण खरी ऊब थरांमध्ये अडकून बसलेल्या हवेची असते, आणि टाके जवळ घातले की थर घसरत नाहीत म्हणून ती टिकते. आज्जीचे टाके गव्हाच्या दाण्याएवढे असत.

यल्लापूर-हल्याळकडे, उत्तर कन्नडच्या जंगलपट्टीत, सिद्दी समाजातल्या बायका अशाच गोधड्या शिवतात. त्या चारही कोपऱ्यांवर रंगीत चिंधीच्या घड्यांची लहानशी फुलं बसवतात. त्यांना ‘फुला’ म्हणतात. ती नसतील तर गोधडी त्यांच्या लेखी उघडी-नागडी. गरजेची वस्तू पुरी झाल्यावरही हात थांबत नाहीत, हे मला त्या कोपऱ्यांत दिसतं.

मात्र या सगळ्याचं फार कौतुक आज्जीपुढे केलं असतं, तर तिनं मला वेड्यात काढलं असतं. वडिलांनी पहिल्या बोनसातून तिला सोलापुरी चादर आणली. ती तिनं चार दिवस पेटीत ठेवली, पाचव्या रात्री अंगावर घेतली आणि सकाळी म्हणाली, “मानसानं कवातरी कोऱ्याखाली निजावं रं.” जुनं वापरणं हे तिचं व्रत नव्हतं. पर्याय नव्हता. दंड घालणं, ठिगळ लावणं, नवरात्राआधी त्या जड वाकळा नदीवर नेऊन आपटणं हे सगळं बायांच्या पाठीवर चाललं, आणि त्याची मजुरी कोणत्याच वहीत लिहिलेली नाही. पर्यावरणाच्या भाषणांत आजकाल आज्जीला व्यासपीठावर बसवतात. तिची पाठ कुणी चेपून देत नाही.

शहरात आलो तेव्हा पायऱ्या घरात मावेनात. तेव्हा मधल्या पायरीवर बोहारीण होती. दुपारी जेवणं झाली की चाळीत तिची हाक यायची. डोक्यावरच्या पाटीत स्टीलची पातेली, काखेत गाठोडं. गुजरातेतून आलेल्या वाघरी समाजातल्या या बायका. कापड त्या दोन्ही हातांत ताणून उजेडाला धरत. काख आणि कॉलर आधी बघत, मग चेन ओढून.

“ताई, ह्याच्यात पातेलं नाही बसत. अजून एक साडी टाका.”

“अगं, पँट नवीकोरी आहे!”

“नवी आहे तर साहेबांना घाला ना.”

आई हसायची आणि आतून साडी आणायची. या सौद्यात आपण हरतो हे तिला ठाऊक असे, पण बोहारीण काय बघते ते बघून ती कपडे कसे धुवायचे ते शिकली. दोघीही कापडाच्या जाणकार. नेलेले कपडे धुऊन, रफू करून, इस्त्री करून जुन्या बाजारात पुन्हा उभे राहात.

आमच्या सोसायटीच्या फाटकावर पाटी आहे: फेरीवाल्यांना मज्जाव. बोहारीण आली तरी आत येणार नाही. कचरा मात्र आत येऊन न्यावा लागतो. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि कचरा वेचणाऱ्या बायकांना ओळखपत्रं मिळाली, कष्टकरी म्हणून नाव मिळालं. आमच्याकडे ओला-सुका न्यायला येणाऱ्या ताईंना मी एकदा विचारलं, की कपड्यांचं काय करता? त्या म्हणाल्या, “सुती असलं तर पुसायला जातंय. हे तुमचं असलं कुणी घेत नाही, मॅडम.”

हे तुमचं असलं म्हणजे काय, ते मला यंदा कळलं. भाचीला दिवस गेलेत. म्हटलं, बाळासाठी गोधडी आपण शिवू. कपाटातले वर्षानुवर्षं न घातलेले कपडे काढले. ढीग कमरेएवढा झाला. त्यातून सुती निवडायला बसले तर सहा निघाले. बाकी सगळं पॉलिएस्टर, नाहीतर त्याची भेसळ. पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक आणि पॉलिएस्टरचा धागा हे मुळात एकच द्रव्य. दोन्ही खनिज तेलातून आलेली. अशा कापडाची गोधडी शिवून पाहिली. थर हातातून निसटतात. घाम पीत नाही. दहा वर्षं धुतलं तरी मऊ होत नाही, फक्त गोळे येतात, आणि धुताना सुटलेले बारीक तंतू पाण्याबरोबर नदीत. लंगोट होत नाही. पोतेरं होत नाही, कारण पाणी शोषत नाही. चिखलात मळून सारवलं तर आनंदाची जमीन कितीतरी पिढ्या तशीच्या तशी राहील. या कापडाला तारुण्य आहे, पण उतारवय नाही आणि मरणही नाही. आपण टाकाऊ माणसं झालो असं मला वाटत नाही. आपण ज्या पायऱ्यांनी उतरायचो त्या कापडातूनच काढून घेतल्या आहेत.

लोकरीला अजून एक जिना आहे, तो पानिपतला. युरोप-अमेरिकेतले टाकलेले स्वेटर आणि कोट तिथं गाठोड्यांनी येतात. रंगांप्रमाणे निवडतात, म्हणजे पुन्हा रंगवायला नको. मग बटणं-चेन काढून चिंध्या, चिंध्यांचे पुन्हा तंतू, तंतूंचं सूत आणि सुताची घोंगडी. पूर-भूकंपात वाटतात ती करड्या रंगाची ब्लँकेटं पुष्कळदा तिथली. मराठी माणसाला पानिपत म्हटलं की एकच अर्थ सुचतो. तिथं विणकाम होतं, हे ऐकून मला बरं वाटलं.

गोधडीच्या शोधात मी एका पर्यावरणस्नेही वस्तूंच्या प्रदर्शनातही जाऊन आले. बांबूचे टूथब्रश, रिठ्याची पूड, नारळाच्या काथ्याची घासणी. घासणी एकशेवीस रुपये. राख तेवढी विकायला नव्हती. एका दालनात गोधडी होती, सुरेख, ठिगळाठिगळांची, साडेसहा हजारांची. जवळ जाऊन बोट फिरवलं. ठिगळं छापलेली होती. कोऱ्या कापडावर. दालनातल्या मुलीनं मला एक कापडी पिशवी देऊ केली. मी काही घेतलं नव्हतं, तरीही. मी नको म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा.

मग आईला फोन केला. तिच्या पेटीतून आज्जीचं दंड घातलेलं एक लुगडं आणि तिच्या स्वतःच्या दोन साड्या आल्या. माझे सहा कपडे उसवून वरचा थर झाला, लुगड्याचा खालचा. माझे टाके गव्हाचे नाहीत, घेवड्याच्या दाण्याएवढे आहेत. अंगठ्याजवळच्या बोटाला घट्टा पडलाय. कोपऱ्यांवर सिद्दींसारखी फुलं बसवायचा विचार आहे. जमतील असं वाटत नाही.

भाचीचे दिवस श्रावणात भरतात. मधल्या थराला आईच्या साड्या टाकूनही एक लुगडं, नाहीतर दोन साड्या कमी पडताहेत. नऊवारी असो की पाचवारी, रंग कोणताही चालेल. सुती हवी, आणि विटेपर्यंत नेसलेली. कुणाच्या घडीत असेल तर कळवा, मी स्वतः न्यायला येईन. बदल्यात पातेलं देईन. पिशवी मात्र देऊ नका, ती माझ्याकडे आहे.