काडी ओळखावी, मगच चावावी

ब्रह्मपुरी मागे पडली, वैनगंगेचा पूल ओलांडला आणि आम्ही आरमोरीत पोहोचलो. १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यातले हे गाव कोशाच्या रेशमासाठी ओळखले जाते. भोवती धानाच्या बांध्या, पलीकडे ऐन, मोह, सागाचे जंगल.

मुक्काम नातलगांकडे होता. फजरला नानींनी आमच्या हातात कडुलिंबाच्या ओल्या काड्या ठेवल्या. उम्मतला जड गेले नसते, तर प्रत्येक नमाजच्या वेळी मिस्वाक करण्याचा आदेश दिला असता, अशा आशयाची प्रेषित मुहम्मद (स.) यांची हदीस आपण सारे जाणतो. अरबस्तानातली मिस्वाक पीलूच्या झाडाची. ते झाड कोरड्या, खारट जमिनीतले. आरमोरीकडे दातून म्हणजे कडुलिंब, बाभूळ, करंज.

तेवढ्यात आमच्या धाकट्याने अंगणातली एक छान सरळ काडी मोडली आणि तोंडाकडे नेली. नानींनी ती हिसकावून घेतली. "अरे बेटा, ही कण्हेर आहे! फेक आधी, हात धू." काडी तोंडात गेली नव्हती, अल्हम्दुलिल्लाह. कण्हेरीच्या पानात, फांदीत, सालीत हृदयाची गती बिघडवणारे विष असते. इकडच्या जंगलातल्या काजऱ्याच्या बिया आणि सालही तशीच जहाल. आम्ही दोघेही वर्गात वनस्पतींचे धडे शिकवतो. पण आपल्याच मुलाला कडुलिंब आणि कण्हेर यांतला फरक दाखवला नव्हता. मान खाली गेली.

मग नानींनीच धडा दिला. पान पाहून झाड ओळखावे. फवारणी झालेल्या शेताच्या बांधावरची काडी घेऊ नये. काडी धुवावी, टोक चावून मऊ कुंचला करावा, हिरड्यांवर जोर देऊ नये. वापरलेले टोक रोज कापून टाकावे आणि एकाची काडी दुसऱ्याने वापरू नये. जागतिक आरोग्य संघटनेनेही जिथे मिस्वाकची रीत आहे तिथे तिला प्रोत्साहन दिले आहे. मात्र दात किडू नयेत म्हणून फ्लोराइडची टूथपेस्टही हवी, आणि हिरड्यांतून वारंवार रक्त येत असेल तर दातांचा डॉक्टर गाठावा.

परतताना बसस्टँडजवळच्या टपरीवर खऱ्याच्या पुड्या घोटल्या जात होत्या. सुपारी, चुना, तंबाखू. घेणाऱ्यांत कोवळी पोरेही होती. 'सर्च' संस्थेचे 'मुक्तिपथ' अभियान याच व्यसनाविरुद्ध जिल्ह्यात गावोगाव झटते आहे. सकाळी सुन्नत म्हणून दात घासायचे आणि दुपारी त्याच तोंडात खर्रा भरायचा, ही कसली तहारत?

नानींनी दिलेली कडुलिंबाची डहाळी धाकट्याने वाटभर हातात धरली होती. घरी येताच त्याने ती पाने आमच्यासमोर मांडली आणि विचारले, "आता बाभूळ कधी दाखवणार?"